क्रूझवरून मातेरा: बारी बंदरात उतरून एका दिवसात गुहांचं गाव बघून परत कसं यायचं

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं वेळापत्रक हातात आलं की त्यात बऱ्याचदा बारी, इटली असं एक बंदर असतं, आणि लोक म्हणतात बारीत काय आहे, त्या दिवशी जहाजावरच लोळू, पूल रिकामा मिळेल. तसं करू नका. बारीपासून साधारण ६५ किलोमीटरवर मातेरा आहे, दगडात कोरलेलं गाव, जिथे माणसं हजारो वर्षं राहत आलीयत आणि १९५० च्या दशकापर्यंत खरोखर गुहांमध्ये, गुरांसकट संसार करत होती. आपण अजिंठा-वेरूळच्या सहली करत मोठे झालेलो असलो तरी हे प्रकरण वेगळं आहे. तिकडची लेणी पूजेसाठी, साधनेसाठी कोरलेली, इथे मात्र चूल, पाळणा, खाट, खेचर सगळं त्याच एका खोलीत.

पहिल्यांदा क्रूझला निघालेल्यांसाठी हे लिहितेय, म्हणून काही गोष्टी जाणत्यांना बाळबोध वाटतील, त्यांनी सरळ खाली गावात उतरा.

आधी परतीचं ठरवा

लोक जायची गाडी शोधतात आणि परतीचं तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. क्रूझमध्ये हे उलटं करायचं. जहाज सुटायची वेळ आणि तुम्ही जहाजावर परत असायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी साधारण अर्धा ते एक तास आधीची असते आणि तीच खरी. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर असते. त्याच पत्रिकेत पोर्ट एजंटचा (बंदरावर जहाजाचं काम बघणारा स्थानिक माणूस) फोन नंबर पण असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, बहुतेकांना तो कधीच लागत नाही पण ज्याला लागतो त्याला त्या क्षणी दुसरं काहीच नको असतं.

मग घड्याळ. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे, आणि जहाज ग्रीसहून आलं असेल किंवा तिकडे निघालं असेल तर जहाजाची वेळ आणि बारी शहराची वेळ एकच असेल असं धरून चालू नका. मोबाईल जमिनीवर उतरताच आपोआप इटलीची वेळ दाखवतो, जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं. उतरताना गँगवेवर (जहाजातून बाहेर पडायची शिडी) घड्याळ असतं, ते आणि आपलं घड्याळ जुळतंय का ते बघूनच पाय बाहेर टाका. मनगटी घड्याळ असेल तर ते जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि हात लावू नका.

आता गणित मांडूया. समजा जहाज सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला सुटतं, साडेपाचला आत असायचंय. मी म्हणेन साडेचारला बंदराच्या गेटवर असा. बारी स्टेशन ते बंदर चालत अर्धा तास, ट्रेनचा प्रवास दीड ते पावणेदोन तास, म्हणजे मातेराहून दोन-सव्वादोनच्या आसपास निघणारी गाडी पकडायला हवी. सकाळच्या बाजूने बघितलं तर ८ ला जहाज लागलं तरी लगेच सोडत नाहीत, बाहेर पडेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ, स्टेशनवर सव्वानऊ, गाडी मिळून मातेराला पोचेपर्यंत सव्वाअकरा वगैरे. हातात राहिले जेमतेम तीन तास. तेवढ्यात होतं, छान होतं, पण पाच ठिकाणांची यादी घेऊन जाऊ नका.

जहाज बंदरात नऊ तासांपेक्षा कमी असेल तर ट्रेनचा विचार सोडा, गाडी करून जा. सात तासांपेक्षा कमी असेल तर मातेराच सोडा आणि बारी बघा.

तीन पर्याय, आणि कोणी कुठला घ्यावा

जहाजाची स्वतःची टूर: सगळ्यात महाग, चाळीस-पन्नास लोकांचा घोळका, कानात तो रेडिओ, आणि गाइड छत्री वर करून पुढे. पण त्यांची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही, मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या पैशाने धावायचं, आणि पुढचं बंदर दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाची भानगड वेगळी. ज्यांना असल्या विचारानेच दिवसभर घशाखाली घास उतरणार नाही त्यांनी गुपचूप जहाजाची टूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

ड्रायव्हरसकट गाडी: रस्त्याने एका बाजूला साधारण एक तास. चारजण असाल तर माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा पर्याय, कारण नऊला निघून दहाला पोचता आणि तीनपर्यंत राहता येतं, म्हणजे ट्रेनवाल्यांच्या जवळपास दुप्पट वेळ. आधीच घरून बुक करा, एकूण रक्कम (थांबण्याचे तास धरून) लेखी घ्या, आणि गाडी बंदरात आत येणार की गेटबाहेर थांबणार हे विचारा. स्वतः गाडी भाड्याने घेऊन चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा, मातेराच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. वरच्या नव्या शहरात पार्किंग करून चालत उतरायचं.

ट्रेन: सगळ्यात स्वस्त, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेची. दोघंच असाल, पायाने धड असाल, आणि जहाज उशिरापर्यंत थांबणार असेल तर हीच.

काही जहाजं बारीऐवजी तारांतोला लागतात. तिथूनही मातेरा साधारण तेवढंच लांब आहे पण थेट ट्रेन नाही, तेव्हा टूर नाहीतर गाडी.

कागदपत्रं आणि बारीकसारीक

शेंगेन व्हिसा (इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मल्टिपल एन्ट्रीचाच काढा, कारण बारीहून जहाज बऱ्याचदा मॉन्टेनेग्रो, अल्बानिया किंवा तुर्कस्तानला जातं, ते शेंगेनबाहेर आहेत, तिकडे गेलात की व्हिसाच्या हिशेबात बाहेर पडलात आणि परत येताना पुन्हा प्रवेश. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्याची काळजी नको. बाहेरच्या देशांचे नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे, ते बुकिंगच्या वेळीच बघून घ्या.

कधीकधी क्रूझवाले आपल्यासारख्यांचे पासपोर्ट पहिल्याच दिवशी ठेवून घेतात. घाबरायचं कारण नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स जवळ ठेवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, आणि जहाजाचं कार्ड. ते कार्ड म्हणजे खोलीची किल्ली, ओळखपत्र, पाकीट सगळं एकच आहे, ते पाठीमागच्या खिशात नाही तर गळ्यात किंवा आतल्या खिशात.

मोबाईल जहाजावर एअरप्लेन मोडवर. समुद्रात फोन आपोआप जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो, आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बसेलच असं नाही, आणि बिल बघून सुट्टीची मजा जाते. किनाऱ्यावर उतरलात की चालू करा. मातेराचा नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या कारण खाली गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना दगड, जीपीएस गोंधळतं.

सोबत काय: चांगली पकड असलेले बूट (चप्पल नको, तिथला फरसबंदीचा दगड शेकडो वर्षं पाय पडून साबणासारखा गुळगुळीत झालाय, पावसात तर विचारूच नका), पाण्याची बाटली, टोपी, थोडे सुटे युरो, आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे किंवा एक ओढणी, कारण चर्चमध्ये जायचंय. मातेरा समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर आहे त्यामुळे एप्रिल किंवा ऑक्टोबरात सकाळी बारीपेक्षा गार वाटतं, एखादं जॅकेट. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पांढऱ्या दगडावरून ऊन परत अंगावर येतं, गॉगल नसेल तर डोळे उघडता येत नाहीत.

जहाजातून स्टेशनपर्यंत

बंदराच्या आत चालायचं अंतर बरंच आहे, बहुतेक वेळा गेटपर्यंत शटल बस असते, ती कुठून सुटते ते जहाजावरच विचारून ठेवा. जहाजावर गोव्याचे, मुंबईचे कर्मचारी भेटतातच, त्यांना रिसेप्शनपेक्षा जास्त माहिती असते आणि आपल्या भाषेत दोन शब्द बोललं की ते पण खूश.

गेटपासून बारी चेंत्राले हे मुख्य स्टेशन दोन-अडीच किलोमीटर. सकाळी टॅक्सी करा, वेळ वाचतो. बसायच्या आधी भाडं विचारा.

स्टेशनवर पोचलात की एक गंमत आहे जिथे नवखे लोक हमखास चुकतात. मातेराला इटलीची नेहमीची मोठी रेल्वे जात नाही, त्यामुळे मुख्य स्टेशनच्या बोर्डावर मातेरा शोधत उभे राहिलात तर उभेच राहाल. तिकडे जाते फेर्रोव्हिए आप्पुलो लुकाने नावाची वेगळी स्थानिक रेल्वे, तिचं स्टेशन त्याच चौकात (पियात्सा आल्दो मोरो) शेजारच्या वेगळ्या इमारतीत आहे, फलाट वरच्या मजल्यावर. तिकीट खिडकीवर किंवा मशीनवर मिळतं, येण्या-जाण्याचं दोन्ही आत्ताच काढून टाका. रूळ ९५० मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षाही जरा अरुंद, गाडी छोटी दोन-तीन डब्यांची, झुलत झुलत जाते.

अजून दोन गोष्टी. रविवारी आणि सणाला या रेल्वेचं वेळापत्रक पूर्ण वेगळं असतं, त्यामुळे तुमचं जहाज रविवारी लागत असेल तर कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, रेल्वेच्या वेबसाइटवर त्याच तारखेचं बघा, नसता गाडी करा. आणि आल्तामुरा स्टेशनवर काही गाड्या फुटतात, काही डबे मातेराकडे आणि काही ग्राव्हिना नावाच्या दुसऱ्या गावाकडे, किंवा गाडी बदलावी लागते. चढताना डब्यावरची पाटी बघा आणि तरी शंका असेल तर शेजारच्या आजीबाईंकडे बघून "मातेरा?" म्हणायचं, एवढं इटालियन पुरतं.

खिडकीबाहेर ऑलिव्हच्या बागा, मग गव्हाची शेतं, दगडावर दगड रचलेले बांध. त्या गव्हाचं पुढे जेवताना काम आहे.

मातेरात स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत, मातेरा चेंत्रालेलाच उतरायचं.

गावात: वरून खाली, मग कडेने, मग परत वर

स्टेशनबाहेर आलात की साधं आधुनिक इटालियन शहर दिसतं, दुकानं, बँका, आणि मनात येतं की हे काय, गुहा कुठायत. व्हिया रोमा रस्त्याने सरळ पाच-दहा मिनिटं चाललात की पियात्सा व्हित्तोरियो व्हेनेतो हा मुख्य चौक. त्याच्या एका कडेला तीन कमानी आहेत, त्यातून पुढे जा आणि कठड्याशी उभे राहा. जुनं गाव इथे पायाखाली सुरू होतं, म्हणून स्टेशनवरून येताना काहीच दिसलं नव्हतं.

जुन्या भागाला सास्सी म्हणतात. त्याचे दोन भाग, बारीच्या दिशेचा सास्सो बारिझानो आणि दुसरा सास्सो काव्हेओसो, मधे उंचवट्यावर चिव्हिता नावाचा सगळ्यात जुना भाग आणि त्यावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. पलीकडे ग्राव्हिना नदीची खोल घळ. कमानीतून दिसतो तो बारिझानो, इथे घरांचे दर्शनी भाग बांधीव आहेत त्यामुळे गुहा पटकन कळत नाहीत. काव्हेओसो जास्त रांगडा, वेळ कमी असेल तर मी तिकडेच नेईन.

चौकाच्या खालीच पालोंबारो लुंगो आहे, पाण्याचा प्रचंड हौद, सुमारे ५० लाख लिटरचा, कातळात कोरलेला. १९९१ मध्ये चौकाचं काम चाललं होतं तेव्हा तो पुन्हा सापडला. आत ठरलेल्या वेळांना गाइडबरोबर थोडेथोडे लोक सोडतात, म्हणून पोचताच आधी तिथलं तिकीट बघा, लगेचची वेळ मिळाली तर जा, तासाने असेल तर सोडून द्या आणि पुढे चला. आत गेलात तर भिंतीचा गिलावा बघा, चुन्यात मातीच्या भांड्यांचा चुरा घालून केलेला, आपल्याकडे जुन्या वाड्यांत सुरखी-चुना असायचा त्याच जातीचा, आणि अजून पाणी धरतो.

हा हौद बघितला की गावाचं निम्मं रहस्य कळतं, कारण मातेराचं सगळं डोकं पाण्यात होतं. दगड इथला चुनखडीचा, मऊ, कुदळीने खोदता येतो. आत खोदायचं, निघालेल्या दगडाच्या विटा पाडून पुढे भिंत बांधायची, खोली तयार. एकाच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण नाहीतर रस्ता, तुम्ही चालताय तिथे बाजूला मधेच धुराडं वर आलेलं दिसेल, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी डोक्यावर उभे आहात. पावसाचं पाणी पन्हळीतून घराखालच्या हौदात, चार-पाच घरं मिळून एक अंगण, तिथे सामायिक विहीर, भांडणं, बाळंतपणं सगळं.

मग बिघडलं कुठे, तर माणसं वाढली. जागा पुरेना तेव्हा हौद रिकामे करून त्यात लोक राहायला लागले, गोठे होते तिथे घरं झाली, म्हणजे ज्या व्यवस्थेवर गाव उभं होतं तीच पोखरली गेली. विसाव्या शतकात परिस्थिती अशी की मलेरिया, दमट अंधार, लहान मुलं मरायचं प्रमाण भयानक. पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी १९५० मध्ये येऊन बघून गेले, १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे १५,००० लोकांना हळूहळू वर नव्या वसाहतींमध्ये हलवलं. सास्सी ओस पडली. देशाची लाज म्हणून जिचा उल्लेख व्हायचा ती जागा १९८६ च्या कायद्यानंतर पुन्हा दुरुस्त व्हायला लागली, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी. आता त्याच गुहांमध्ये महागडी हॉटेलं आहेत, आत बाथटब वगैरे. मला ते बघून जरा कसंतरीच होतं, पण ओस पडून ढासळण्यापेक्षा बरं हेही खरं.

हे सगळं माहीत असेल तरच पुढचं चालणं कळतं, नाहीतर नुसते फोटो होतात.

आता चौकातून व्हिया देल कोर्सो धरा, पुढे व्हिया रिदोला लागतो. वाटेत उजव्या हाताला पुर्गातोरियो चर्च दिसेल, त्याच्या दारावर कवट्या कोरल्यात, मुलं बरोबर असतील तर तेवढ्यासाठी थांबावं लागतं. रस्त्याच्या शेवटी पालात्सो लानफ्रांकी हा राजवाड्यासारखा संग्रहालयाचा वाडा, त्याच्या बाजूला पियात्सेत्ता पास्कोली. इथल्या कठड्यावरून काव्हेओसो पूर्ण दिसतो, पाठीमागे घळ आणि समोरच्या डोंगरात काळी काळी भोकं, त्याही गुहाच. ग्रुप फोटो इथेच उरकून टाका.

इथून पायऱ्यांनी खाली व्हिया बुओत्सीवर उतरायचं. या खालच्या रस्त्यांच्या जागी पूर्वी नाले वाहायचे, १९३० च्या दशकात झाकून रस्ते केले. रस्त्याने खाली गेलात की सान पिएत्रो काव्हेओसो चर्च, घळीच्या अगदी काठावर, आणि शेजारी एक सुटा खडक डोक्यावर क्रूस घेऊन उभा, त्या खडकाच्या पोटात सान्ता मारिया दे इद्रिस हे कोरीव चर्च. छोटं आहे, आतून बोगद्याने दुसऱ्या जुन्या चर्चला जोडलेलं, भिंतीवर शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं. फोटो काढू देत नाहीत. मातेराच्या परिसरात अशी कोरीव चर्चं दीडशेच्या वर आहेत, म्हणून सगळी बघायचा अट्टहास नको, हे एक बघा आणि पाय साथ देत असतील तर शेजारचं सान्ता लुचिया आल्ले माल्व्हे.

मग काझा ग्रोत्ता, व्हिको सोलितारियो गल्लीतलं गुहेतलं घर, पूर्वी होतं तसं सामानासकट ठेवलंय. तिकीट थोडंसंच आहे. लोक दोन मिनिटांत आत जाऊन बाहेर येतात, तसं करू नका, रेकॉर्ड केलेली माहिती चालू असते ती पूर्ण ऐका. खाट एवढी उंच का, तर ओल लागू नये आणि खाली कोंबड्या-सामान राहावं म्हणून. गादी मक्याच्या पानांची. खेचराची जागा आत, त्याच छताखाली, कारण त्याच्या अंगाची ऊब हिवाळ्यात सगळ्यांना. तान्हं मूल कपाटाच्या खणात झोपवायचे. उन्हाळ्यात आत सुखद गार आणि आपण म्हणतो किती छान, आणि मग डोक्यात येतं की ही ओल जानेवारीत कशी लागत असेल.

परत जाताना आल्या वाटेने चढू नका. सान पिएत्रोपासून व्हिया मादोन्ना देल्ले व्हिर्तू धरा, हा रस्ता घळीच्या कडेकडेने चिव्हिताला वळसा घालून बारिझानोत आणतो. डाव्या हाताला गुहा, उजवीकडे खाली नदी, गर्दी कमी. शेवटी व्हिया फियोरेन्तिनीवरून चढून पुन्हा त्याच पहिल्या चौकात. कॅथेड्रल वर चिव्हितात आहे, वेळ असेल तर मधूनच पायऱ्या चढून जा, पण दुपारी एकच्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी दारं बंद होतात आणि चारशिवाय उघडत नाहीत, तेव्हा चर्चं आधी, जेवण नंतर.

नदीवर झुलता पूल आहे आणि पलीकडच्या मुर्जा पठारावरून गावाचं जे चित्र दिसतं त्याला तोड नाही, पण खाली उतरून वर चढायला बराच वेळ आणि दम लागतो. ट्रेनवाल्यांनी त्याचं नाव काढू नये. गाडीवाल्यांनी ड्रायव्हरला मुर्जा तिमोने म्हणून सांगायचं, तो रस्त्याने पठारावर नेतो.

तारखेचं एक: २ जुलैला तिथे मादोन्ना देल्ला ब्रुनाची जत्रा असते, कागदाच्या लगद्याचा भलामोठा रथ मिरवतात आणि रात्री लोक तुटून पडून त्याचे तुकडे करतात. बघण्यासारखंच आहे, पण क्रूझवाल्याला फक्त गर्दी मिळते, रथ फुटेपर्यंत आपलं जहाज समुद्रात असतं.

आई-बाबा बरोबर असतील तर

खरं सांगायचं तर गुडघेदुखीवाल्यांना सास्सी सोपं नाही. पायऱ्या उंच-सखल, कठडे सगळीकडे नाहीत. लहान बाळाची गाडी तर आणूच नका. पण चौकात तीनचाकी आपे उभ्या असतात, प्रवासी घेऊन खालच्या रस्त्यांवरून फिरवून आणतात. हो, तीच आपली आपे, पियाज्जो कंपनीची, जिचा आपल्याकडचा कारखाना बारामतीला आहे. बाबांना हे सांगितलं की ते अर्धा तास कौतुकाने त्यातच बसतात. भाडं आणि किती वेळ फिरवणार हे आधी ठरवा. आणि कमानींजवळचा कठडा, पियात्सेत्ता पास्कोली या दोन जागा जवळपास सपाट चालून होतात, नुसत्या तेवढ्यासाठीही येणं वाया जात नाही.

खायचं काय, शाकाहारींनी विशेष वाचा

इथला पाव म्हणजे पाने दी मातेरा, जाड रव्यासारख्या कडक गव्हाच्या पिठाचा, आतून पिवळसर, वरून जाड कडक साल, बरेच दिवस टिकतो. पूर्वी घरोघरी कणीक मळून सामायिक भट्टीत भाजायला द्यायचे आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून लाकडी ठसा मारायचे, ते ठसे आता दुकानांत विकत मिळतात, घरी न्यायला मॅग्नेटपेक्षा हजारपट बरी वस्तू.

शाकाहारींसाठी दक्षिण इटलीचा हा भाग स्वर्ग आहे कारण मूळचं जेवण गरिबाघरचं, डाळी-भाज्यांचं. फावे ए चिकोरिया मागवा, वालासारख्या बाकला बियांचं घट्ट वरण आणि बरोबर कडसर पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल, दूध-अंडं काही नाही. क्रापियाता म्हणजे सगळ्या कडधान्यांची आणि गव्हाची आमटी. पेपेरोनी क्रुस्की या वाळवून तळलेल्या लाल मिरच्या, दिसायला तिखट पण गोडसर, कुरकुरीत, आपल्या सांडगी मिरचीवर वाढलेल्यांना लगेच आवडतात. सावध राहायचं ते ओरेक्किएत्ते आणि चिमे दी रापा या पास्त्याबद्दल, नाव नुसत्या भाजीचं पण त्यात बऱ्याचदा बारीक मासा विरघळवलेला असतो. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे" असं तीनदा म्हणा: मांस नको, मासे नकोत, ते बारीक मासे पण नकोत. कडक शाकाहारींनी किसलेलं चीजही नको सांगावं, पार्मेझानसारखी चीजं वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतात.

तीन तासांच्या हिशेबात टेबलावर बसून जेवण म्हणजे एक तास गेला. ट्रेनवाल्यांनी बेकरीतून फोकाच्चा (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) घ्यावा, तो कठड्यावर बसून खावा. गाडीवाल्यांनी बसून जेवावं. बिलात माणशी कोपेर्तो म्हणून एक-दोन युरो लावतात, ती फसवणूक नाही, तिकडची पद्धत आहे. कॉफी काउंटरला उभ्याने प्यायली की स्वस्त. कॉफी घेतलीत की त्यांचं टॉयलेटही वापरून घ्या.

परत

ठरवलेल्या गाडीच्या वीस मिनिटं आधी मातेरा चेंत्रालेला. तिच्या नंतरचीही एक गाडी अशी असली पाहिजे जी पकडून तुम्ही जहाज गाठू शकाल, नसेल तर त्याच्या आधीची पकडा. हा नियम मोडायचा नाही, समोर कितीही सुंदर ऊन पडलेलं असो. आणि उरलेला वेळ मातेरात नाही, बारीत घालवायचा, कारण तिथून जहाज चालत गाठता येतं.

बारी स्टेशनसमोरून व्हिया स्पारानो हा दुकानांचा रस्ता सरळ समुद्राच्या दिशेने जातो, तो संपला की पलीकडे जुनं शहर, बारी व्हेक्किया, आणि त्याच्या पलीकडे बंदर. म्हणजे परतीची वाटच बघण्यासारखी आहे. आत सान निकोलाची बॅसिलिका, सांताक्लॉजची गोष्ट ज्यांच्यावरून आली त्या संत निकोलसच्या अस्थी इथे तळघरात आहेत, १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी त्या आजच्या तुर्कस्तानातल्या मायराहून आणल्या. किल्ल्याजवळच्या आर्को बास्सो गल्लीत बायका दारात टेबलं मांडून हाताने ओरेक्किएत्ते पास्ता वळतात, अंगठ्याने एक झटका आणि कानाच्या पाळीसारखी वाटी तयार. सुका पास्ता विकत घेता येतो, किंमत आधी विचारायची. विचारल्याशिवाय तोंडासमोर कॅमेरा धरू नका, ते त्यांचं घर आहे.

जुन्या शहरातून बाहेर पडताना बंदराच्या कुठल्या गेटने आत घेतात ते सकाळी उतरतानाच बघून ठेवलेलं असू द्या, सगळी गेटं प्रवाशांसाठी नसतात. गेटवर जहाजाचं कार्ड दाखवायचं, आतून शटल. शेवटच्या तासात त्या बसला मोठी रांग लागते, आणि त्या रांगेत उभं राहण्याचा वेळही वरच्या हिशेबातल्या साडेचारमध्ये धरलेला आहे.